पुन्हा ट्रायल्स: ३०० ची घाई नको
पंधरा वर्षांनी, पन्नाशीत ट्रायल्सकडे, म्हणजे पाय न टेकवता दगड-ओढ्यांतून मोटरसायकल काढायच्या खेळाकडे, परत येताय हे तुमच्या पत्रात वाचून खरंच आनंद झाला. पण ३०० सीसीची गाडी घ्यायचा तुमचा विचार मला पटत नाही. ओल्या दगडावर ताकद कामाची नसते, थ्रॉटलवरचा हलका हात लागतो. ३०० चा झटका दमलेल्या मनगटाला आवरत नाही आणि पाय खाली जातोच. एकदा टेकला की दंडाचा १ गुण, तीनदा टेकला की ३, सेक्शन (आखलेला अडथळ्यांचा टप्पा) फसला की थेट ५.

टू-स्ट्रोक बेटा इव्हो २०० किंवा २५० बघा. मोन्टेसाची फोर-स्ट्रोक ४आरटी गोड चालते, पण टू-स्ट्रोकपेक्षा जड. दिवसभरात दहा वेळा उचलताना ते कंबरेला कळतं.

इथे यॉर्कशायरमध्ये जुनी गाडी घेताना मी मागचं चाक धरून वर-खाली हलवून बघतो. खटखट आली तर लिंकेजची (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांची) बेअरिंग गेलेली. माझ्या पहिल्या गाडीची गंजून जाम झाली होती, ठोकून काढण्यात अख्खा रविवार गेला. एअर फिल्टर काढून आतून बोट फिरवा, रेती लागली तर ती गाडी सोडा.

आणि मागच्या टायरमध्ये हवा ४-५ पीएसआयच ठेवा. चपटा दिसेल, पण दगडाला तोच चिकटतो.