दिवाळीनंतर जुन्या दोस्तांबरोबर दिवसभराची डोंगरवाट: बेळगावजवळ कुठं जावं?

शहापूरकर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. बेळगावच्या शहापुरात एकाच गल्लीत वाढलेले आम्ही पाच-सहा दोस्त, दिवाळीत मातीचे किल्ले करायला रात्र रात्र जागणारे, आता कोण पुण्यात, कोण मडगावात, कोण हुबळीत आणि इथं बेळगावात मी एकटाच. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली. यंदा दिवाळीला सगळे घरी यायलेत आणि भाऊबीज झाली की येणाऱ्या रविवारी अख्खा दिवस डोंगरात चालायचं असं ठरलंय. हॉटेलात जेवून, फोटो काढून सुटायचं, तसलं नको. चालत चालत बोलायचंय, बरंच साठलंय.

अडचण अशी की एकाची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय आणि दुसऱ्याचा गुडघा दुखतोय, सपाटीवर तासभर आरामात चालतो पण उतार लागला की बसतो. ग्रुपवर दोन बाजू पडल्यात. एक बाजू म्हणते भीमगड नाहीतर पारगड करूया, ज्यांना जमत नाही ते खाली गाडीत थांबतील. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला खाली थांबवणार तो पुढच्या वर्षी येणारच नाही, आणि दोन तासांसाठी चौघं वर नि दोघं खाली असं करायचं तर एवढ्या लांबून सगळ्यांना बोलवायचं कशाला? सगळे एकत्र वर पोचतील, तरी डोंगर चढल्यासारखं वाटेल अशी वाट सुचवा. बेळगावातून सकाळी निघून दिवेलागणीला परत.

खानापूरची रानवाट

भीमगड डोक्यातून काढून टाका. 2011 पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाय ठेवता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी तुमच्या ग्रुपला ती वाट नको. हेमाडगा, तळेवाडीकडचं रान दाट आहे, अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि पावसाळा संपल्या संपल्या गवत डोक्याएवढं असतंय, दहा पावलांवर काय बसलंय ते दिसत नाही. एखाद्याच्या छातीत दुखायला लागलं तर तिथनं दवाखान्यापर्यंत आणायला किती वेळ जाईल याचा विचार करा, मोबाईलला रेंज पण नसते.

आमच्याच बाजूला यायचं असेल तर कणकुंबीला या की. माउलीचं देऊळ, तिथंच मलप्रभेचा उगम. पुढं बागलकोटच्या बाजूला कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळणारी एवढी मोठी नदी इथं केवढीशी आहे ते बघून मला दरवेळी नवल वाटतंय. पण ते बघणं झालं, दिवसभर चालणं नव्हे, आणि पायवाटा सोडून रानात शिरू नका हे परत सांगतो.

चंदगडी

शहापूरकर अण्णा, तुम्हाला पाहिजे ते अगदी जवळ आहे. वैजनाथ आणि महिपालगड. वेंगुर्ला रोडने शिनोळी, तिथनं देवरवाडी. हद्द ओलांडून तुम्ही आमच्या चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येता, पण बेळगावपासून अंतर म्हणाल तर सकाळचा चहा शहापुरात घेऊन निघालात तरी ऊन चढायच्या आत देवळात.

वैजनाथाचं देऊळ जुन्या दगडी बांधणीचं आहे आणि शेजारीच आरोग्य भवानी. तिथं दर्शन घ्या, थोडं बसा, मग महिपालगडाकडं चाला. मुख्य गोष्ट आता सांगतो: महिपालगडावर गाव आहे. तटाच्या आत माणसं राहतात, शेती करतात, त्यामुळं वरपर्यंत गाडीरस्ता गेलाय. तुमच्या गुडघेवाल्या दोस्ताला चढ चालू दे, चढताना त्रास कमी असतोय, आणि परत येताना तो उतार गाडीने उतरेल. किंवा अर्ध्यात दमला तर तिथंच गाडीत बसून वर येईल आणि तुमच्या आधी पोचून तटावर उभा असेल. कुणाला खाली थांबवायची गरजच नाही. एक गाडी आणि एक चालवणारा एवढीच सोय करायची, गाडी मागनं हळूहळू येऊ दे.

आणि बेळगावच मुळात समुद्रसपाटीपासून 2500 फुटांच्या आसपास आहे, त्यामुळं इकडच्या डोंगरांची खरी चढण कोकणाच्या बाजूनं चढावं तशी अंगावर येत नाही. हवा स्वच्छ असली तर वरनं तुमचं बेळगाव दिसतंय. ह्या दिवसांत सोनकीची पिवळी फुलं संपत आलेली असतात पण कडेला तेरडा अजून सापडतो.

पारगडाबद्दल एवढंच की तो गड फार थोर आहे, तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा तिथला किल्लेदार होता आणि त्या घराण्याची माणसं अजून गडावर राहतात. पण बेळगावपासून लांब. जायचं तर मुक्कामाला जा, घाईत बघून येऊ नका.

टिळकवाडीची अक्का

मी नर्स होते, आता निवृत्त, म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या भावाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच यायचं, "मला काय होतंय" असं म्हणून नव्हे. डॉक्टर हो म्हणाले तरी आतापासूनच रोज चालायला लागू दे, तो हुबळीत असो नाहीतर पुण्यात. इथं असता तर म्हटलं असतं टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फेऱ्या मार आणि मग कपिलेश्वरच्या उड्डाणपुलाचा चढ घे. चढताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, सगळ्यांनी थांबायचं, त्याला एकट्याला मागं सोडायचं नाही. गोळ्या त्याच्या स्वतःच्या खिशात पाहिजेत, गाडीतल्या बॅगेत नकोत, आणि कुठल्या गोळ्या ते बाकीच्यांना पण ठाऊक पाहिजे.

कुणाला शुगर असेल तर नाश्ता न करता निघू देऊ नका. औषध घेतलंय आणि पोटात काही नाही, वर चालणं, अशानं शुगर खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. लोकांना वाटतं दमलाय. खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट असू दे.

गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट हे चंदगडी दादा बरोबर बोलले. दोन काठ्या घ्या, उतरताना पावलं बारीक टाका.

येळ्ळूरचा

सगळे चंदगडला कशाला पाठवायलाय? आमचा राजहंसगड काय कमी आहे काय! येळ्ळूरच्या शिवारातनं चालत या, दिवाळीच्या टायमाला भात पिवळं पडलेलं असतंय, बेळगाव बासमतीचा वास जिथं अजून थोडंफार लावतात तिथं बांधावरच येतोय. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तट आहे, 2023 ला शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभारलाय. रस्ता वरपर्यंत आहे त्यामुळं गुडघ्याचा प्रश्न इथं पण सुटतोय. मान्य आहे की रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते, निवांत बोलायचं असेल तर उजाडायच्या आत पायथ्याला या. आठ वाजल्यानंतर गाड्यांचे हॉर्न ऐकत चढावं लागतंय.

शहापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, अक्का तुमचं सगळं तसंच्या तसं ग्रुपवर टाकलंय आणि अँजिओप्लास्टीवाल्याने डॉक्टरांची अपॉइंटमेंट पण घेतली. वैजनाथ-महिपालगड पक्कं करायलाव. येळ्ळूरकर, राग मानू नका, आम्ही सगळे लहानपणी सायकलवरनं राजहंसगडाला यायचो, ह्या वेळी न बघितलेला गड बघायचा मोह होतोय. चंदगडी, वर जेवायचं काय? आम्ही भाकरी, शेंगांची चटणी, दहीभात आणि फराळ घेऊन येणार, पण वर पाणी मिळतं काय आणि गावात कुणाला जेवण करून द्यायला सांगता येईल काय?

चंदगडी

पाणी बरोबरच आणा, माणशी दोन लिटर तरी. जेवणाचं मात्र आयत्या वेळी कुणाला सांगू नका. त्या दिवसांत आमच्याकडं सुगी असते, भातकापणी चालू, घरातली सगळी माणसं शेतात, बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तुमचं भाकरी-दहीभात उत्तम. कापलेलं भात पसरलेलं असेल त्यावरनं चालू नका, बांधावरनं जा.

परतीचा पाऊस अजून रेंगाळला असेल तर दुपारनंतर ढग उभे राहतात आणि वीज पडते. आकाश काळं दिसलं की तटावर किंवा झाडाखाली थांबू नका, गावात घरात या, कुणी नाही म्हणणार नाही. तटाजवळ आग्या मोहोळ असलं तर लांबनंच, तिथं धूर करायचा नाही, चूल तर नाहीच. अंधार सहाच्या पुढं लवकर पडतो म्हणून चारला उतरायला लागा.

आणि रविवार नेमका 1 नोव्हेंबरला पडत असेल तर तारीख बदला. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि त्याच्या निषेधाचा आपल्या मराठी लोकांचा काळा दिन दोन्ही असतात, बंदोबस्त असतो, हद्दीवर बसचा भरवसा नसतो. पुण्याहून येणाऱ्याला त्याच्या आदल्या रात्री निघायला लावू नका.