मॅक्रोमध्ये (अगदी जवळून फोटो काढताना) एफ/२२ ठेवूनही फोटो मऊच, म्हणजे धूसर येतोय, काय करू?

पिंपळपान:
५० एमएमच्या साध्या प्राइम लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावून मॅक्रो करतोय, सेटमध्ये १२, २० आणि ३६ एमएमच्या तीन ट्यूब आहेत, मी तिन्ही एकावर एक चढवतो, बॉडी फुल फ्रेम. नाणी, काडेपेटीतली काडी, पानावरचे छोटे भुंगे असलं काहीबाही काढतो. एफ/८ ला (एफ नंबर जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) भुंग्याचा डोळा मस्त येतो पण पाय आणि पाठ पार गायब, म्हणून एफ/२२ केलं तर सगळं थोडंथोडं दिसतं पण धार कुठेच नाही आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) पण भयंकर वाढवावा लागतो. खरी मॅक्रो लेन्स घेतली तर सुटेल का हे?

नाकतोडा:
नाही सुटणार, निदान हा प्रॉब्लेम तरी नाही. तिन्ही ट्यूब मिळून ६८ एमएम, भागिले ५०, म्हणजे १.३६ पट मॅग्निफिकेशन झालं, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या १.३६ पट. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्यावर दिसणारा एफ नंबर खरा राहत नाही, त्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणायचं. तुमचा एफ/२२ प्रत्यक्षात एफ/५२ च्या आसपास जातो! तिथे डिफ्रॅक्शन (छोट्या छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं) सगळी धार खाऊन टाकतं, कुठलीही लेन्स लावा. उजेड कमी पडतोय तोही याच कारणाने.

करून बघा: फक्त ३६ ची ट्यूब ठेवा. मॅग्निफिकेशन ०.७२ होईल आणि एफ/८ ला साधारण दीड मिलिमीटर डेप्थ (शार्प दिसणारी खोली) मिळेल, जी तिन्ही ट्यूबवर एफ/२२ करून मिळत होती जवळजवळ तेवढीच, आणि खरा एफ नंबर १४ च्या आत. मग क्रॉप करा. क्रॉप केल्यावर त्यातला थोडा फायदा जातो हे खरं, पण फोटो शार्प असतो ना.

उजेडवेडा:
गणित बरोबर आहे पण माझ्या मते निम्मं काम उजेडाचं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. फ्लॅश वापरा, अगदी साधा, पॉवर १/८ किंवा १/१६, कारण कमी पॉवरला झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि तुमचा हात हलला, पान हललं तरी फोटोत दिसत नाही. मात्र उघडा फ्लॅश नको, भुंग्यांची पाठ आरशासारखी चकाकते, तिथे पांढरे डाग जळून जातात. मध्ये ट्रेसिंग पेपर धरा आणि तो किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, डिफ्यूजर जवळ आला की किड्याच्या मानाने मोठा होतो आणि उजेड मऊ पडतो. नाण्यासाठी मात्र याच्या उलट, उजेड एका बाजूने तिरका टाकायचा म्हणजे अक्षरांचा उठाव दिसतो.

पिंपळपान:
दोघांनाही खूप थँक्स, एकच ट्यूब लावून खरंच फरक पडला!! आता स्टॅकिंगबद्दल (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) विचारतो, जिवंत किड्यावर होतं का ते?

टाचणी:
नाणं, काडी, मिठाचे खडे, पीस यांच्यावर बिनधास्त करा, ट्रायपॉड लावून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे, प्रत्येक फोटोची शार्प पट्टी पुढच्यावर थोडी चढली पाहिजे नाहीतर मध्ये धूसर पट्टे येतात.

किड्यांसाठी पहाटे जा. गारठ्यात त्यांचं अंग तापलेलं नसतं म्हणून ते बराच वेळ एका जागी बसतात, वाराही बहुतेक पडलेला असतो. हातात कॅमेरा असेल तर ऑटोफोकस बंद करा, फोकस रिंगला हात न लावता स्वतः किंचित पुढे-मागे व्हा आणि बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) मारा, त्यातले चार-पाच जुळले तरी पुष्कळ. आणि एका फोटोतच काम भागवायचं असेल तर सेन्सर किड्याच्या अंगाला समांतर धरा, बाजूने घेतलात तर डोळ्यापासून शेपटापर्यंत सगळं त्याच दीड मिलिमीटरमध्ये बसू शकतं.

एक कळकळीने सांगते, काही लोक हलू नये म्हणून किडे फ्रिजमध्ये ठेवतात किंवा चिकटवतात, ते कधीही करू नका. उडून गेला तर जाऊ द्या, दुसरा मिळेल.