मध्यस्थी, लवाद की शिष्टाई?

सीमेवर दोन देशांचं सैन्य समोरासमोर आलं आणि तिसऱ्याने पुढे यायची तयारी दाखवली की बातम्यांत मध्यस्थी, लवाद, शिष्टाई हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. तिन्हींचा अर्थ एकच का?

– मुळीच नाही. मध्यस्थ दोघांचं ऐकतो, तोडगा सुचवतो. पटला तर घ्यावा, नाही तर उठून जावं. लवाद निवाडा देतो, आणि तो मानण्याचं दोघांनी आधीच कबूल केलेलं असतं.

कच्छच्या रणाच्या वादात दोन्ही दिसतात. एप्रिल १९६५ मध्ये तिथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झडल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मध्ये पडले आणि ३० जूनला करार झाला. ही मध्यस्थी. सीमा कुठून जाते हे मात्र तिघांच्या लवादाकडे गेलं: एक सदस्य भारताने सुचवलेला, एक पाकिस्तानने, आणि अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी नेमलेले. सप्टेंबरमध्ये उघड युद्ध पेटलं, तरी हा लवाद मोडला नाही. १९ फेब्रुवारी १९६८ चा निवाडा वादातल्या प्रदेशाचा सुमारे १० टक्के भाग पाकिस्तानला देणारा होता. भारतात संताप उसळला, पण सरकारने निवाडा पाळला. नुसता मध्यस्थाचा तोडगा असता तर नाकारता आला असता!

म्हणूनच मला शब्दांची ही सरमिसळ खटकते. मे २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव असताना ट्रम्प यांनी भारत आणि चीनला मध्यस्थी ‘किंवा’ लवाद असं दोन्ही देऊ केलं होतं. मराठीत नुसतं ‘मध्यस्थीची तयारी’ लिहिलं की त्यातला जड अर्धा भाग गळतो.

– आणि शिष्टाई?

– कृष्णशिष्टाई आठवा. कृष्ण कौरवांच्या दरबारात गेला तो पांडवांचा दूत म्हणून. एका बाजूने समेटासाठी पाठवलेल्या माणसाची बोलणी ती शिष्टाई. तिऱ्हाईत देशाला हा शब्द लावला तर तो कुणाच्या तरी वतीने बोलतोय असं ध्वनित होतं. मी तरी तो तिथे वापरणार नाही.

– मग जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुबखान यांना एकत्र बसवलं, त्याला काय म्हणाल?

– मध्यस्थीच. करारावर सह्या दोघांच्या होत्या, आणि निवाडा कुणीच दिला नव्हता.