मदत हवी आहे: परसातलं अ‍ॅशचं झाड, भरवशाचा ट्री सर्जन (झाडं छाटणारा-पाडणारा) कसा ओळखायचा? (यूके, रेडिंग)

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला राहतो, दोन वर्षांपूर्वी इथे एक जुनं विटांचं व्हिक्टोरियन घर घेतलं. परसाच्या टोकाला अ‍ॅशचं झाड आहे, चांगलं थोरलं, घराच्या छपराच्याही बरंच वर गेलेलं, आणि थोडं शेजारच्या आजींच्या बाजूला कललेलं. त्यांची काचेची कन्झर्वेटरी बरोबर त्या फांद्यांखाली येते आणि आजी ऐंशीच्या पुढच्या, ऊन असलं की दिवसभर तिथेच बसून असतात. म्हणून हा प्रश्न मला उगाच लांबवायचा नाहीये.

एप्रिलच्या शेवटी दुपारी दोन माणसं दारात आली. पिवळी जॅकेटं, पांढरी व्हॅन, व्हॅनवर नाव वगैरे काही नाही. म्हणाले पुढच्याच रस्त्यावर काम चालू आहे, येताना तुमचं झाड दिसलं, वाळलंय ते, कधीही पडेल, आज मशीन सोबत आहे तर ६०० पाउंडात पाडून देतो, कॅश. मी एकटीच घरी होते, नवरा ऑफिसला. मी सांगितलं आत्ता नको, तर ते सरळ आजींकडे गेले आणि त्यांना सांगितलं की हे झाड तुमच्यावर येणारे. त्यानंतर आजींना आठवडाभर झोप नाही, रोज कुंपणाशी येऊन मला विचारायच्या काय ठरवलंत. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

नंतर वाचल्यावर कळलं की अ‍ॅशला मुळातच सगळ्यात उशिरा पालवी येते, मे महिना उजाडतो, म्हणजे एप्रिलमध्ये ते उघडं दिसणारच होतं! पण आता जून लागला, आजूबाजूची सगळी झाडं गच्च हिरवी झाली, आणि आमच्या झाडाचा वरचा भाग अजून बोडकाच आहे. खाली खोडावर मात्र झुबके झुबके पानं फुटलीत. इथे २०१२ पासून अ‍ॅश डायबॅक नावाचा बुरशीचा रोग पसरलाय आणि त्यात बहुतेक झाडं जाणार असं सगळे म्हणतात, तोच असावा अशी भीती वाटते.

तीन जणांना बोलावून कोटेशन घेतली. पहिला म्हणाला मुळापासून काढा, १,९५० पाउंड. दुसरा म्हणाला गरज नाही, वरचे १०-१२ फूट सरळ उडवून टाकू, खालून परत फुटेल, ७००. तिसऱ्याने झाडाभोवती दोनदा फेऱ्या मारल्या, खोडाच्या तळाशी गवत बाजूला करून बघितलं, आणि म्हणाला मी यावर चढणार नाही, चेरी पिकर (माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारं मशीन) आणावा लागेल, पूर्ण पानं आली की मला परत बोलवा, आणि आकडा दिलाच नाही. तिघांच्याही वेबसाइटवर फुल्ली क्वालिफाइड, फुल्ली इन्शुअर्ड असंच लिहिलंय, तिघांनाही पाच पाच स्टार.

आमच्या देवगडकडे माडावर चढायला पाडेली यायचे, आणि आंब्याची फांदी उतरवायला बाबांचा एक ठरलेला माणूस होता, त्याच्या वडिलांनीही आमचीच कलमं बघितलेली, त्यामुळे तो कसा आहे हे कुणाला विचारायची वेळच आली नाही. इथे माझ्याकडे तशी काहीच ओळख नाही आणि कोण खरं बोलतंय ते मला कळत नाहीये. झाड वाचत असेल तर मला ते वाचवायचंय. कागदपत्रं कोणती मागायची, काय विचारलं की माणूस कळतो, प्लीज सांगा.

प्रतिसाद १

सगळ्यात आधी त्या दारावर आलेल्या लोकांना परत उभं करू नका. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असेच आले होते आणि आम्ही हो म्हणून बसलो. समोर सिल्व्हर बर्च होता, पंधरा वर्षांचा. थोडा कमी करा म्हटलं तर बुटांना लोखंडी खिळे लावून चढले, खोडाला खालपासून वरपर्यंत भोकं पाडली आणि शेंडा सपाट कापून टाकला. दोन वर्षांत झाड वाळलं. वर आणखी म्हणजे दीड महिन्याने कौन्सिलचं पत्र आलं, कापलेल्या फांद्या एका शेतरस्त्यावर टाकलेल्या सापडल्या आणि त्यात आमच्या पत्त्याचं एक पाकीट होतं. कचरा कुणाच्या हाती दिला याची जबाबदारी घरमालकावरही असते हे तेव्हा कळलं. तेव्हा वेस्ट कॅरियर, म्हणजे कचरा वाहून नेणारा, म्हणून नोंदणी आहे का ते आधी विचारा, एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या साइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत दिसतं.

प्रतिसाद २

घर व्हिक्टोरियन म्हणताय तर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायला कौन्सिलने ठरवलेल्या भागात, आहे का बघितलंत? असेल तर कुणालाही हात लावू देण्याआधी कौन्सिलला सहा आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. आणि झाडावर ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर, म्हणजे ते झाड जपण्याचा कौन्सिलचा आदेश, असेल तर परवानगीच लागते, अर्जाला फी नाही पण आठ आठवडे धरून चाला. विनापरवाना पाडलं तर दंड मोठा आहे, आणि कापणाऱ्याबरोबर मालकही अडकतो.

प्रतिसाद ३

ताई, मी दापोलीला हॉर्टिकल्चर केलं आणि गेली नऊ वर्षं इथे याच कामात आहे. तुमच्या भागात आम्ही काम करत नाही, तेव्हा माझा काही फायदा यात नाही, जे आहे ते लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, इथे ट्री सर्जन म्हणवून घ्यायला कसलंही लायसन्स लागत नाही. चेनसॉ विकत घेतला, व्हॅन घेतली की झाला ट्री सर्जन. म्हणून फुल्ली क्वालिफाइड या शब्दाला अर्थ नाही, सर्टिफिकेट बघायला मागायचं. एनपीटीसी किंवा लँट्रा या संस्थांची सर्टिफिकेटं असतात आणि ती कंपनीला नसतात, माणसाला असतात, आणि प्रत्येक कामाची वेगळी. जमिनीवर चेनसॉ चालवण्याचं वेगळं, दोरावर चढण्याचं आणि वर अडकलेल्या माणसाला खाली आणण्याचं वेगळं, दोरावर लटकून चेनसॉ वापरण्याचं वेगळं. कोटेशन द्यायला येतो तो मालक असतो, कामाच्या दिवशी वर कोण जाणार आहे आणि त्याची सर्टिफिकेटं कुठे आहेत हे विचारा. आणि त्याला वर काही झालं तर खाली उभ्या असलेल्यांपैकी चढून त्याला उतरवणारा कोण, हे नक्की विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो. आमच्याकडे हा प्रश्न वर्षातून एखादंच गिऱ्हाईक विचारतं.

इन्शुरन्सचा कागद फोटोत बघू नका, पॉलिसी नंबर घेऊन ब्रोकरला फोन करा, तारीख संपलेले कागद दाखवणारे मी पाहिलेत. पब्लिक लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा, पाहिजेच, तुमच्या बाबतीत तर शेजारी काच आहे. हाताखाली माणसं असतील तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे त्या माणसांना इजा झाली तर त्याचा विमा, कायद्यानेच लागते, किमान ५० लाख पाउंडांची.

आता तुमचे तिघं. तो दुसरा, शेंडा उडवू म्हणणारा, त्याला सोडा. छाटणी कशी करायची याचं इथे ब्रिटिश स्टँडर्ड आहे, बीएस ३९९८, २०१० सालचं, चांगल्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख असतो आणि नेमकं काय कापणार हेही लिहिलेलं असतं. शेंडा सपाट तोडला की झाड घाबरून ढीगभर काड्या काढतं, त्यांची पकड कच्ची असते, आणि आजारी अ‍ॅशमध्ये तर तेवढाही जोर उरलेला नसतो. पहिला चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण जूनच्या सुरुवातीला नुसतं बघून काढा म्हणणं घाईचं आहे.

तिसरा माणूस मला बरोबर वाटतो. डायबॅक झालेल्या अ‍ॅशचं लाकूड ठिसूळ होतं, बाहेरून धडधाकट दिसणारी फांदी दोराच्या वजनाने काडीसारखी तुटते. अशा झाडावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, चढणार नाही म्हणणारा आपलं काम जाणतो. तळाशी गवत बाजूला करून बघितलं तेही बरोबर, तिथे साल काळपट, खोलगट झालीय का, बुरशीच्या छत्र्या आहेत का ते बघायचं असतं. आणि पानं पूर्ण आल्यावर, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पानांचा किती घेर शिल्लक आहे ते नीट कळतं. निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर अजून काही वर्षं लक्ष ठेवून राहता येतं, खाली कोण बसतं ते बघून. पण एक सांगतो, निम्म्याहून कमी उरला असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. अ‍ॅश जितकं जास्त मरतं तितकं ते उतरवणं धोक्याचं आणि महाग होतं. या रोगात थांबण्याला मर्यादा आहे.

माझं ऐकाल तर कापणाऱ्याला विचारण्याआधी न कापणाऱ्याला विचारा. आर्बोरिकल्चरल कन्सल्टंट असतात, ते फक्त तपासून लेखी रिपोर्ट देतात, झाड पाडण्यात त्यांचा पैसा नसतो. आर्बोरिकल्चरल असोसिएशनच्या साइटवर त्यांची यादी मिळेल, आणि ज्यांचं काम, कागद, सुरक्षितता सगळं तपासून मान्यता दिलीय अशा कॉन्ट्रॅक्टरांची वेगळी यादी आहे. यादीत नाही म्हणजे वाईट असं नाही, छोटी चांगली टीमही असते, पण ओळख नसलेल्याने सुरुवात तिथून करावी.

पक्ष्यांचंही बघा. मार्च ते ऑगस्ट घरट्यांचा काळ, चालू घरटं मोडणं १९८१ च्या वाइल्डलाइफ कायद्याने गुन्हा आहे. खोडात ढोल्या असतील तर वटवाघळं आहेत का तेही, त्यांना तर आणखी कडक संरक्षण आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (जुलैअखेर)

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दापोलीच्या दादांचे, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता. उशीर झाला लिहायला, पण सांगण्यासारखं आता आहे.

कौन्सिलच्या नकाशावर बघितलं, झाडावर ऑर्डर नाही पण आम्ही कॉन्झर्व्हेशन एरियात निघालो! म्हणजे त्या दिवशी मी ६०० पाउंड काढून दिले असते तर काय होऊन बसलं असतं. यादीतून एक कन्सल्टंट बाई मिळाल्या, २४० पाउंड घेतले, दीड तास होत्या. हातोडीने खोड वाजवत वाजवत पूर्ण गोल फिरल्या, दुर्बिणीने वरच्या फांद्या बघितल्या, आणि जाताना स्वतःहून आजींकडे जाऊन बोलल्या. रिपोर्ट आला, डायबॅकच आहे, घेर निम्म्याहून कमी उरलाय, रोगाच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. तळ अजून ठीक आहे, म्हणजे उद्या पडणार नाही, पण वरच्या वाळलेल्या फांद्या आजींच्या बाजूला असल्यामुळे या शरदात उतरवून घ्या असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. वाचवता येईल का हे मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा शांतपणे नाही सांगितलं.

नोटीस रिपोर्टसकट कौन्सिलला दिली. रानकबुतराचं घरटं होतं, पिल्लं उडाली की सप्टेंबरअखेर काम. तोवर आजींनी खुर्ची घराच्या दुसऱ्या बाजूला हलवलीय, ते आम्हीच जाऊन हलवून दिलं, आणि आता त्यांना झोप लागते असं म्हणाल्या.

काम त्या तिसऱ्यालाच द्यायचं ठरतंय. खाली कुणाला चढून उतरवता येतं हे विचारलं तर त्याने दोघांची नावं आणि सर्टिफिकेटं त्याच संध्याकाळी पाठवली. ब्रोकरला फोन केला, इन्शुरन्स चालू आहे. आमच्या बाजूच्या बोळातून आत जाईल असा कोळी किड्यासारख्या पायांचा छोटा चेरी पिकर तो भाड्याने आणणार आहे, त्यामुळे आकडा २,३०० झालाय, पहिल्यापेक्षाही जास्त. नवरा जरा कुरकुरला, पण मला पटलाय.

आता एकच विचारायचंय. कन्सल्टंट बाईंनी लिहिलंय की पूर्ण न काढता चारेक मीटर खोड तसंच उभं ठेवता येईल, किडे, सुतारपक्षी यांना उपयोग होतो आणि उरलेला खुंट मशीनने दळून काढायचा खर्चही वाचतो. कुणी असं ठेवलंय का, किती वर्षं टिकतं, दरवर्षी तपासून घ्यावं लागतं का? शनिवारी साडेनऊला तो माप घ्यायला येणार आहे, त्याच्या आधी कळलं तर बरं होईल.