लॅम्डात डीआय कंटेनर: गरज की हौस?

वडापाव_डेव्ह:
आमच्या एका लॅम्डाचं (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर, सर्व्हर न सांभाळता चालणारं फंक्शन) काम एवढंच: एस३ या फाइलसाठ्यात फाइल पडली की डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये तिची नोंद करायची. नव्या लीडने त्यासाठी अख्खं स्प्रिंग आणलं, म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट आपोआप बनवून जोडून देणारा जावाचा डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनर. चार पाहुणे आणि मांडव हजारांचा! कोल्ड स्टार्टला (फंक्शन थंड अवस्थेतून उठताना) ते क्लासपाथ धुंडाळणार, रिफ्लेक्शनने (चालू असताना क्लास तपासून) बीन्स, म्हणजे ते ऑब्जेक्ट, जुळवणार, मग कुठे आमच्या कामाचा नंबर. वर ऑगस्ट २०२५ पासून झिप करून चढवलेल्या फंक्शनांच्या इनिटचेही (सुरुवातीच्या तयारीचेही) पैसे एडब्ल्यूएस लावतं. माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हरलेसमध्ये कंटेनर नको.

खमंग_जावा:
तुमचं फंक्शन एक, आमची तीसेक. सगळ्यांत तेच कॉन्फिग, तेच रिपॉझिटरी क्लास. प्रत्येक ठिकाणी हाताने जोडणी केली, तर एक कन्स्ट्रक्टर बदलला की तीस फाइली उघडा. आणि टेस्टमध्ये खरा डेटाबेस कोणाला हवाय? कोल्ड स्टार्टचं म्हणाल तर जावासाठी २०२२ पासून स्नॅपस्टार्ट आहेच, तयार फंक्शनचा स्नॅपशॉट ठेवून त्यातूनच सुरू करतं.

वडापाव_डेव्ह:
टेस्टसाठी कंटेनर लागतो हे कोणी सांगितलं? कन्स्ट्रक्टरला डेटाबेसचा क्लायंट बाहेरून द्या, टेस्टमध्ये खोटा द्या. झालं डीआय! खरा क्लायंट हँडलरच्या (दर रिक्वेस्टला चालणाऱ्या कोडच्या) बाहेर एकदाच बनवा, एन्व्हायर्नमेंट (फंक्शन चालतं ती जागा) गरम असेपर्यंत तोच वापरला जातो. स्नॅपस्टार्टही फुकटचं सुख नाही. स्नॅपशॉटमधून उठल्यावर जुनी कनेक्शनं मेलेली असू शकतात, आणि इनिटमध्ये बनवलेला 'युनिक' आयडी सगळ्या प्रतींत एकच निघतो. हे आम्ही भोगलंय.

शार्पवाली:
अहो, सर्व्हरलेस म्हणजे फक्त लॅम्डा नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर फंक्शन्सच्या डॉटनेट आयसोलेटेड मॉडेलमध्ये कंटेनर होस्टबरोबरच येतो, तो नाकारून काय साधणार? शिवाय नेहमीच्या लॅम्डात एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका वेळी एकच रिक्वेस्ट असते, म्हणून तुमचा 'हँडलरच्या बाहेर' उपाय खपून जातो. अझ्युरमध्ये एकाच इन्स्टन्सवर अनेक रिक्वेस्ट चालू असतात. तिथे एकच डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा डॉटनेटचा ऑब्जेक्ट) स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना सामायिक, ठेवून बघा, दुसऱ्या समांतर क्वेरीलाच एक्सेप्शन! स्कोप्ड लाइफटाइम (दर रिक्वेस्टला वेगळा ऑब्जेक्ट) हाताने सांभाळायचा म्हणजे शेवटी घरचा कंटेनरच लिहायचा.

वडापाव_डेव्ह:
हा मुद्दा मान्य. 'सर्व्हरलेस' म्हणालो ते चुकलं, लॅम्डापुरतं बोलतोय.

खमंग_जावा:
मग डॅगर हे जावाचं हलकं डीआय फ्रेमवर्क घ्या की. जोडणीचा कोड कंपाइल होतानाच तयार होतो, सुरुवातीला शोधाशोध नाही. एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही स्प्रिंगऐवजी डॅगर किंवा ग्यूससारखं साधं काही घ्या असंच लिहिलंय.

वडापाव_डेव्ह:
तीस फंक्शनांना घेईनही. एका फंक्शनसाठी डॅगरचे मॉड्यूल, कंपोनेंट कोण लिहीत बसणार? आणि ते मार्गदर्शन जरा आमच्या लीडला पाठवा, मी पाठवलं तर खोचक वाटेल.