राष्ट्राची 'टोचणी' की राष्ट्राची 'सदसद्विवेकबुद्धी'?

वैखरी : स्टीव्ह डार्नल यांनी लिहिलेल्या आणि अलेक्स रॉस यांनी रंगवलेल्या 'अंकल सॅम' (१९९७) या चित्रकथेवर लेख लिहीत आहे. १९१७ च्या भित्तिपत्रकावरून बोट रोखून तरुणांना सैन्यात बोलावणारा म्हातारा, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, इथे फाटक्या कपड्यांत रस्तोरस्ती भटकतो, पुढाऱ्यांची वाक्ये बरळतो आणि मूळ रहिवाशांच्या कत्तली, झुंडबळी हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडते. त्याला मी राष्ट्राची 'सदसद्विवेकबुद्धी' म्हटले. संपादकांनी 'टोचणी' केले. आपणांस काय वाटते?

काशिनाथ : संपादकांशी सहमत. सदसद्विवेक कृतीच्या आधी कौल देतो, टोचणी नंतर लागते. माझ्या आजोबांनी शेजाऱ्याचा बांध कोरला होता. दावा कोणीच लावला नाही, तरी आजी अखेरपर्यंत "मन खातं रे" म्हणत असे. सॅमचेही मनच खात आहे.

वैखरी : पण शेवटी सॅम कॅपिटॉलच्या (अमेरिकेच्या संसदभवनाच्या) वर स्वतःच्याच मगरूर प्रतिरूपाशी झुंजतो. तिथे त्याला निवड करावी लागते, आणि ती निवड 'टोचणी'त मावत नाही.

शब्दवेधी : तुकोबा म्हणतात, 'सत्यअसत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥'. बहुमताला न जुमानता साक्ष देणारे मन, हाच नेमका अर्थ आपल्याला हवा आहे. 'राष्ट्राचे ग्वाही मन' असे लिहावे.

निर्मळ मराठी : 'ग्वाही' फारसी आहे. 'साक्षी' हा आपला शब्द असताना उसनवारी कशासाठी?

शब्दवेधी : तुकोबांना जो शब्द परका वाटला नाही, तो आपण परका ठरवणे मला मान्य नाही. सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' रुजले याचा मलाही आनंद आहे, पण म्हणून 'तारीख' हद्दपार झाली नाही.

काशिनाथ : अडचण वेगळीच आहे. 'पालकमंत्र्यांनी ग्वाही दिली' असे आज छापून येते, तेव्हा तिचा अर्थ आश्वासन असा असतो. घडलेल्याविषयी बोलणारा शब्द आता घडणाऱ्याविषयी बोलू लागला आहे. सॅमला तो लावल्यास वाचक गोंधळेल.

शब्दवेधी : हा अर्थ वर्तमानपत्रांचा झाला. आमच्या नागपूरकडे 'गवाही द्यायला कोर्टात गेला' असे सर्रास ऐकू येते.

निर्मळ मराठी : ती हिंदीची छाया आहे, मराठीचा पुरावा नव्हे.