मुलांना राजधान्या पाठ, पण उन्हाळा का येतो ते माहीत नाही. शाळेचं काम काय मग?

मुलगी सातवीत आहे. जीकेच्या परीक्षेत मार्क छान पडतात, ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा, सगळ्यात मोठा ग्रह गुरू, सगळं धडाधड सांगते. परवा सहज विचारलं उन्हाळा का येतो, तर म्हणे पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून! आणि पृथ्वीचा आस २३.५ अंशांनी कललाय हे तिला पाठ आहे, त्याचा ऋतूंशी संबंध आहे हेच डोक्यात नाही. हे शाळेने करायचं की आपण घरी? मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद १
भूगोल शिकवते. हे उत्तर बहुतेक मुलं देतात. मी त्यांना एवढंच सांगते की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, मग तेव्हा उत्तर गोलार्धात थंडी कशी? लगेच आपापसात वाद सुरू होतात आणि तिथून पुढे शिकवणं सोपं जातं. मग वर्गात अंधार करून गोलावर टॉर्च मारायचा, सरळ आणि तिरका, तिरका प्रकाश पसरतो आणि कमी तापवतो हे डोळ्यांना दिसतं. अडचण पेपरची आहे, आस किती अंश कललाय हे एका मार्काला विचारतात, त्याने काय होतं हे कोणी विचारत नाही, म्हणून पोरं तेवढंच पाठ करतात.

प्रतिसाद २
सगळं शाळेवर ढकलू नका हो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही, हे पुस्तकात असतं तरी साध्या सर्दीला घरातली मोठी माणसंच ती गोळी मागतात. मूल घरात बघतं तेच खरं धरतं.

प्रतिसाद ३
पटतंय, पण ज्या घरात पुस्तकं नाहीत, आईबाप शिकलेले नाहीत, त्या मुलाने कोणाला विचारायचं? त्याच्यासाठी शाळा हीच एक जागा आहे, तिथेही 'सिलॅबसमध्ये नाही, खाली बस' म्हटलं तर संपलंच. वाचनालयाचा तास गणिताला देऊन टाकतात त्याचा मला फार राग येतो.

मूळ प्रश्नकर्ती
टॉर्चचं आजच करून बघते. मुलगी चंद्राच्या कला पण पृथ्वीच्या सावलीमुळे होतात म्हणते, ते चूक आहे हे कसं दाखवू?

प्रतिसाद १
अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, तिच्या हातात चेंडू द्या आणि हात लांब करून स्वतःभोवती हळूहळू फिरायला सांगा. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू चंद्र आणि तिचं डोकं पृथ्वी; चेंडूचा उजळलेला भाग तिला कमीजास्त दिसतो, त्याच कला. चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरायचा, नाहीतर दिव्याकडे पाठ झाली की तिच्याच डोक्याची सावली त्यावर पडेल. पडली तर तेही दाखवा, ते चंद्रग्रहण.